नापास पातं

‘माह्या हातून चुकलं’ हे वाक्य मी फुलसिंग मास्तरांच्या तोंडून एकदाच ऐकलं. ते जेव्हा म्हणाले, तेव्हा चूक माझी होती. चार वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्या मुलीला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला मागच्या आठवड्यात सांगितलं. त्यानंतरच लिहायला बसलो आहे.

मास्तर शाळेतले नव्हते. पुसदच्या बाजारात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. तरुणपणी दोनेक वर्षं वायरमनचं काम शिकणाऱ्या पोरांना त्यांनी शिकवलं होतं, तेवढ्यावर गावाने त्यांना जन्मभराचं मास्तर करून टाकलं. उंच, वाळका माणूस. इतरांच्या खिशाला पेन असतं, त्यांच्या खिशाला टेस्टर. बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत. मान थोडी वाकडी करून डावा कान पुढे करायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे बहिरे आहेत. प्रत्यक्षात त्या कानाला सगळं ऐकू यायचं. दुकानात त्यांनी कधी रेडिओ ठेवला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “रेडिओ बोलून राह्यला तं पंखा काय म्हणते ते कसं समजन?”

आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर नसला तर माणूस वेडा होईल. मास्तरांनी चाळीस वर्षं कूलरची आणि छताच्या पंख्यांची पाती तोलली. त्यांची पद्धत साधी होती. स्टीलचे दोन पेले, त्यांच्या काठांवर मेणाने उभी बसवलेली दाढीची दोन पाती, त्यांवर आडवी सायकलच्या चाकाची तार आणि तारेत ओवलेलं पंख्याचं पातं. जड बाजू खाली जायची. हलक्या बाजूला ते काहीतरी चिकटवायचे. पुन्हा ठेवायचे, पुन्हा बघायचे. पातं तारेवर कुठेही थांबवलं तरी तिथेच थांबलं, की पास.

आणि नापास झालं, की मोडायचं. हा त्यांचा नियम. टोपलीत टाकायचं नाही, भंगारात द्यायचं नाही. आधी गुडघ्यावर किंवा पकडीत धरून दोन तुकडे करायचे. “नापास पातं शाबूत ठेवू नये,” ते म्हणायचे. “ते कोणाच्या तरी हाती लागते. आन् ज्याच्या हाती लागते त्याले मालूम नसते.”

माझे वडील तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते गेले, तेव्हा मास्तर भेटायला आले होते. बैठकीत माणसं गप्प बसली होती, वर पंखा फिरत होता. मास्तरांनी हात जोडले, सतरंजीवर बसले आणि वर बघितलं. मिनिटभराने मला हळूच म्हणाले, “भाऊ, स्टूल हाय का?” मला वाटलं, गुडघे दुखत असतील, खाली बसवत नसेल. स्टूल आणलं, तर पंखा बंद करवून ते त्यावर चढले आणि त्यांनी खिशातला टेस्टर काढला. माझे काका माझ्याकडे बघतच राहिले. दुखवट्याच्या घरात हे काय? मास्तरांनी एक पातं सैल केलं, त्याखाली घडी केलेला कागद सरकवला, पुन्हा आवळलं आणि खाली येऊन बसले. पंखा सुरू झाला तो आवाज न करता. मग आईला म्हणाले, “भाऊसाहेब याच्याच खाली झोपत होते ना वहिनी? त्याईले झोप लागत नसन.”

आई तोवर रडली नव्हती. ती तेव्हा रडली. वडील सहा वर्षं सांगत होते, झोप लागत नाही, पंखा डोक्यात फिरतो. आणि आम्ही सगळे त्यांना सांगत होतो, वय झालं तुमचं.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांची कामं ड्रोनशिवाय मिळेनाशी झाली, तेव्हा मीही एक घेतला. पहिल्याच महिन्यात दोनदा धडकला. नवी पाती मागवायला बसलो, तर बाजारात पंचवीस प्रकार. कंपनीची महाग, बाहेरची स्वस्त. त्यातही कुणी म्हणे आवाज कमी, कुणी म्हणे वाऱ्यात स्थिर. मी चारपाच जोड्या मागवल्या आणि पिशवी घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी एक पातं बोटावर फिरवलं आणि हसले. “हे तं कूलरचंच पोट्टं हाय.”

मी म्हणालो, “मास्तर, ही ओरिजिनल आणि ही डुप्लिकेट.”

“डुप्लिकेट काहून म्हणतं? कोणाची नक्कल करून राह्यलं का ते बिचारं? त्याच्यावर नाव तं त्याचंच हाय.” मग त्यांनीच नावं ठेवली. कंपनीची ती सख्खी, बाहेरची ती सावत्र.

नावामागे कारण होतं. मास्तरांची आई ते रांगत असताना गेली. बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्यांना वाढवलं ते सावत्र आईने. तिलाच ते याडी म्हणायचे. गोर बोलीत याडी म्हणजे आई. तिला स्वतःची चार झाली, पण भाकरीचा पहिला पापुद्रा फुलसिंगच्या ताटात पडायचा. “सख्खं हाय म्हणून चांगलं, सावत्र हाय म्हणून वाईट, असं माह्या दुकानात चालत नाही,” मास्तर म्हणाले. “तारेवर ठेव. तार नातं पाह्यत नाही.”

पुढचे दोन आठवडे आम्ही माझ्या गच्चीवर पाती तपासली. मला घाई, त्यांना नाही. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, ड्रोन पाण्याच्या टाकीच्या उंचीलाच थांबवायचा, वारा सुटला की खाली. मी रिमोट धरायचो. ते खुर्चीत डोळे मिटून, डावा कान वर करून बसायचे. खाली उतरला की आधी चारही मोटारींना मनगटाची मागची बाजू लावायचे, आई लेकराचा ताप बघते तशी. मग शाळेच्या वहीत लिहायचे.

सख्खी पाती मऊ निघाली. फांदीला लागली तर वाकतील, चिरतील, पण समोरच्याला कमी लागेल. तोल बहुतेकांचा चांगला. “बहुतेकांचा,” मास्तर म्हणाले, कारण सीलबंद पाकिटातलं एक सख्खं पातं तारेवर धाडकन एका बाजूला झुकलं होतं. त्यांनी ते मोडलं तेव्हा मला वाईट वाटलं. सावत्रांत एक ताठ जात होती. वाऱ्यात चित्र हलायचं नाही, पण मोटार तापायची आणि धार अशी, की मास्तरांच्या अंगठ्याला चीर गेली. दुसरी रुंद टोकांची, काळी. तिची बॅटरी दोनेक मिनिटं आधी संपायची, पण आवाज सख्ख्यांपेक्षाही खाली. तारेवर ती थोडी झुकत होती. मास्तरांनी मुलीची जुनी लाल नेलपॉलिश आणली आणि हलक्या बाजूला एकेक थेंब दिला. तोच तोल आणि तीच त्यांची सही. थेंब लागला म्हणजे पातं मास्तरांनी बघितलेलं आहे.

“माणसाईच्या वरून उडवाचं असन तं हे लाव,” ते म्हणाले. “आवाजानं कोणी बिचकत नाही.”

उरली एक जोडी. पारदर्शक, सोनेरी टोकांची, दिसायला फार सुंदर. मास्तरांनी ती तारेवर ठेवलीच नाही. उजेडात धरली आणि मला एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी पांढरी रेष दाखवली. “हे येथूनच तुटते एक दिवस. आन् दुसरं त्याच्याच साच्यातलं.” त्यांनी पकड उचलली.

मी म्हणालो, “मास्तर, राहू द्या. स्टुडिओच्या शोकेसमध्ये ठेवतो. शोभेला.”

“शोभेले?”

“उडवणार नाही. काचेत ठेवीन.”

मास्तर बराच वेळ पकड हातात धरून बसले, मग ती जोडी तशीच माझ्या हातात ठेवली. मी जिन्यात शिरेपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं, “काचेतच ठेवशीन ना, भाऊ?” मी हो म्हणालो. तेव्हा मनात खोट नव्हती. पण ती पाती काचेत कधी गेलीच नाहीत. ड्रोनच्या बॅगेत, बाजूच्या कप्प्यात पडून राहिली.

त्याच वर्षीच्या श्रावणात मास्तरांनी मला त्यांच्या तांड्यावर तीजेला नेलं. तांड्यातल्या लग्नाच्या वयाच्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी ते पिवळे-हिरवे कोंब डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघतात. तांड्याच्या नायकाला आमचं शहरी खटलं आवडलं नव्हतं. “वरून कायले फोटो काढाचे? देव वरून पाह्यते ना,” तो म्हणाला. मास्तर म्हणाले, “देव फोटो देत नाही, नायक. हा देते.” सगळे हसले, आणि मला परवानगी मिळाली ती मास्तरांच्या शब्दावर.

मिरवणुकीआधी मी एक फेरी मारून बघितली. ड्रोन बाभळीला घासला आणि लाल थेंबाच्या एका काळ्या पात्याचा टवका उडाला. जादा पाती घरी राहिली होती. पुसदला जाऊन यायचं म्हणजे मिरवणूक संपणार. मुली टोपल्या उचलत होत्या. मी बाजूच्या कप्प्यात हात घातला.

त्या क्षणी मला सगळं आठवत होतं, रेषसुद्धा. विसरलो होतो असं आजवर मी स्वतःला सांगत आलो, ते खरं नाही. जोडीतलं जे त्या मोटारीच्या फिरण्याच्या दिशेला जुळत होतं, ते नेमकं रेषेचं होतं. मी ते बसवलं. मास्तर तीस पावलांवर, म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभे होते. हाक मारली असती तर आले असते. मला ते नको होते, कारण ते नाही म्हणाले असते.

ड्रोन वर गेला. गाणं चालू होतं. मी तो पुढे नेला, मुलींच्या वर, जरा खाली आणला, कारण कोंब छान दिसत होते. आवाजात काहीतरी बदललं, ते मला नंतर कळलं. मास्तरांना आधी कळलं. पडद्यावरून नजर काढली, तेव्हा ते एकटेच वर बघत होते आणि त्यांचा हात माझ्या दिशेने उठला होता, थांब म्हणून.

ड्रोन सरळ खाली आला. मास्तरांच्या पुतण्याची मुलगी, काजल, दुसऱ्या ओळीत होती. तिने डोकं वाचवायला हात वर केला नाही. टोपली वाचवायला केला. फिरती पाती तिच्या उजव्या हातात गेली. गाणं मधेच तुटलं, ते कसं तुटलं हे मी अजून विसरलेलो नाही. एक ओळ अर्धी म्हटली गेली आणि पुढचं अर्धं कोणीच म्हटलं नाही. काजल ओरडली नाही. डाव्या हाताने टोपली धरून उभी होती, आणि कोंबांवर रक्त पडत होतं.

तिला गाडीत घालून पुसदला नेलं. माणसं माझ्याभोवती जमली. नायकाने विचारलं, “काय झालं फोटोवाले?” त्याच्या आवाजात राग नव्हता अजून. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, “पाती मास्तरांनी पास केली होती.”

मला छळत राहिलं ते हे वाक्य. त्यातला एकेक शब्द खरा होता. चारांपैकी तीन पाती त्यांनीच पास केलेली होती. अशा खरेपणाची मला आज शिसारी येते.

मास्तर चिखलात उकिडवे बसून तुकडे गोळा करत होते. एक तुकडा त्यांनी उजेडात धरला. बराच वेळ. मग तो सदऱ्याच्या खिशात टाकला, टेस्टरशेजारी, आणि उठले. तांड्यातल्या लोकांशी ते गोर बोलीतच बोलायचे. या वेळी मराठीत बोलले, बहुधा मलाही कळावं म्हणून.

“माह्या हातून चुकलं,” ते म्हणाले.

एवढ्या सहज? मला वाटलं, म्हाताऱ्याने तुकड्यावरची रेष बघितली नाही, नजर गेली असेल. त्यांना खरंच वाटतंय की आपला तोल चुकला. आणि लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं झालं.

काजलच्या हाताला टाके पडले. जखम भरली, पण दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. मास्तरांनी त्यानंतर एकही पातं तोललं नाही. वाइंडिंग तेवढं करायचे. पेले घरी नेले, त्यात चहा पिऊ लागले. बाजारात लोक म्हणायचे, “मास्तरचा कान गेला.” त्यांच्यासमोरसुद्धा म्हणायचे, आणि मास्तर मान हलवायचे. मी रस्ता बदलून जाऊ लागलो. लग्नांची कामं मात्र चालूच ठेवली, सख्खी पाती लावून.

चार वर्षांनी कळलं, त्यांना अर्धांगाचा झटका आला आहे आणि ते यवतमाळला मुलीकडे आहेत. मी गेलो. खाटेवर पडले होते, उजवा हात पोटावर ठेवल्यासारखा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. वर पंखा. मी बसताच म्हणाले, “तिसरं पातं हलकं हाय. पोरगी म्हणते, बाबा, झोपा.” जीभ जड झाली होती, पण समजत होतं.

मी तोंड उघडलं आणि एका दमात सगळं सांगितलं. बाभूळ, कप्पा, रेष, नायकाला दिलेलं उत्तर. सांगून झाल्यावर त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

“मालूम हाय मले,” मास्तर म्हणाले.

“कधीपासून?”

“तथीच. चिखलातच. सोनेरी टोक होतं ना. थेंब नव्हता.”

चार वर्षं मी ज्या माणसाला फसवलं असं समजत होतो, तो एक क्षणही फसलेला नव्हता. “मग तुम्ही तसं का म्हणालात? तुमचा कान गेला म्हणाले लोक. तुम्ही ऐकून घेतलंत.”

मास्तरांनी मान वाकडी केली, डावा कान माझ्याकडे. मला वाटलं, आता ते म्हणतील, तुला वाचवलं. मी त्याचीच वाट बघत होतो बहुतेक.

“तुयासाठी नाही म्हणलं,” ते म्हणाले. “खरं होतं म्हणून म्हणलं. नापास पातं शाबूत कोणं देल्लं तुले? चाळीस वर्षांत एकच. तू शोभेले म्हणलं आन् मी देल्लं. पोरीची बोटं गेली. मंग कोणाच्या हातून चुकलं?” आणि पुढे म्हणाले, “तुयी चूक तू सांगाची होती. माही मी सांगतली.”

मी माफी मागायला लागलो.

“आन् मले काय सांगतं? काजलले सांग.” मग एकदम विचारलं, “दुसरं कोठी हाय? त्या जोडीतलं?”

“बॅगेतच आहे. त्याच कप्प्यात.”

“शाबूत?”

“हो.”

मास्तरांनी डोळे मिटले. “चार वर्षं,” ते म्हणाले. “उद्या आणजो.”

काजलकडे मी लगेच गेलो नाही, हेही लिहिलं पाहिजे. मास्तर थंडीच्या शेवटी गेले, तोवर गेलो नाही. मागच्या आठवड्यात गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती, सूप डाव्या हाताच्या जोरावर धरलेलं. सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा बदलला नाही, पण सूप थांबलं. म्हणाली, “आजोबाईले लोक काय काय बोलले, मालूम हाय ना तुमाले?” मी म्हणालो, माहीत आहे. “मंग मले एकटीले कायले सांगून राह्यले? चार माणसाईसमोर आजोबाचं नाव घेतलतं. चार माणसाईसमोर सांगा.” त्याच संध्याकाळी तिने नायकाला आणि शेजारपाजाऱ्यांना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कोणी शिवी दिली नाही. नायक एवढंच म्हणाला, “पाणी द्या त्याईले.” ते पाणी प्यायला फार वेळ लागला. पुसदच्या बाजारात मात्र मी घरोघर जाऊन सांगू शकत नाही. म्हणून हे लिहिलं.

त्या दुसऱ्या दिवसाचं मात्र राहिलं. मी पातं घेऊन यवतमाळला परत गेलो होतो. मास्तर उशीला टेकून बसलेले होते, मुलीने सदरा घालून दिला होता. मी पातं त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलं. रेष याच्यातही होती, अगदी बारीक, चार वर्षांपूर्वी तिथे नसलेली किंवा मला न दिसलेली. मग त्यांनी निर्जीव उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवला, पात्याचं एक टोक त्या तळव्याखाली दाबलं आणि दुसरं टोक डाव्या हाताने वर ओढू लागले. पातं वाकलं. मोडलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला. मुलगी दारातून म्हणाली, “बाबा, कायले त्रास करून घेता?” त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झालो. त्यांच्या डाव्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि दोघांनी मिळून ओढलं. कट् असा बारीक आवाज झाला, नेमका रेषेवर. मास्तरांनी मान वाकडी करून तो आवाज संपेपर्यंत ऐकला. दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी बोटं त्यांवर मिटवली.

“आता ठेव काचेत,” ते म्हणाले. “आता शोभते.”